स्नायूची लांबी आणि स्नायूचे बल : खान्देशातील श्रमाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

तापी आणि पांझरेच्या खोऱ्यातील शेती यंत्रांच्या आगमनानंतरही मोठ्या प्रमाणावर माणसाच्या अंगबळावरच उभी आहे. नांगरणीला ट्रॅक्टर आला, पाण्याला ठिबक आले. परंतु कापसाची वेचणी, पिकातील निंदणी आणि केळीच्या घडांची बागेपासून वाहनापर्यंतची वाहतूक ही कामे आजही प्रामुख्याने हातांनी, खांद्यांनी आणि पाठीनेच केली जातात. पूर्वीचा पूर्व खान्देश म्हणजे आजचा जळगाव जिल्हा. पूर्वीचा पश्चिम खान्देश म्हणजे आजचा धुळे जिल्हा व त्यातून १९९८ साली वेगळा झालेला नंदुरबार. या साऱ्या प्रदेशात कष्टाची कामे करणाऱ्यांच्या तोंडी एक अनुभव वारंवार ऐकू येतो. माणूस तोच, ताकद तीच, तरीही एका ठेवणीत ओझे सहज उचलले जाते आणि दुसऱ्या ठेवणीत तेच ओझे जागचे हलत नाही. या अनुभवामागे अनेक कारणे असली तरी त्यांतील एक मूलभूत कारण स्नायूच्या अंतर्गत रचनेत दडलेले आहे. स्नायू किती बल निर्माण करू शकतो, हे तो त्या क्षणी किती लांब आहे यावर अवलंबून असते. शरीरक्रियाशास्त्रातील हा सिद्धान्त शंभरहून अधिक वर्षांपूर्वी निदर्शनास आला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याची कारणमीमांसा सिद्ध झाली. प्रस्तुत लेखात या सिद्धान्ताचे विवेचन करून खान्देशातील श्रमाशी त्याचा संबंध तपासला आहे.

आरंभीच एका गैरसमजाचे निराकरण करणे आवश्यक आहे. 'आकुंचन' या शब्दामुळे स्नायू कार्य करतो म्हणजे तो आखूडच होतो अशी समजूत होते. वस्तुतः स्नायू आखूड होताना, आहे त्याच लांबीवर राहून, किंवा लांब होत असतानाही बल निर्माण करू शकतो. भिंतीला जोर लावून रेटणाऱ्या माणसाचे स्नायू कार्यरत असतात, पण त्यांची लांबी जवळपास स्थिर असते. डोक्यावरचे गाठोडे हळूहळू खाली उतरवताना दंडाचे व खांद्याचे काही स्नायू ताणले जात असतात आणि त्याच वेळी बलही देत असतात. म्हणून येथे 'बल' म्हणजे स्नायूने आपल्या दोन टोकांना लावलेला ओढ, एवढाच अर्थ घ्यावयाचा आहे.

सूक्ष्म रचना आणि सरकत्या तंतूंचा सिद्धान्त

स्नायूची लांबी व त्यातील ताण यांचा पद्धतशीर अभ्यास स्वीडनमधील शरीरक्रियाशास्त्रज्ञ माग्नुस ब्लिक्स यांनी १८९० च्या दशकात केला. बेडकाचा स्नायू वेगवेगळ्या लांबीला बांधून त्यास विजेने उद्दीपित केले असता मधल्या लांबीला सर्वाधिक ताण मिळतो आणि दोन्ही बाजूंना तो घटत जातो, असे आढळून आले. हे का घडते याचे उत्तर मात्र त्या काळी कोणापाशी नव्हते. स्नायू हा एखाद्या रबरासारखा किंवा स्प्रिंगसारखा पदार्थ असावा, अशी कल्पना दीर्घकाळ प्रचलित होती. रबर जितके ताणावे तितके अधिक जोराने ओढते. स्नायूचे तसे नाही, हे दिसत असूनही ही कल्पना सहजासहजी मागे पडली नाही.

निर्णायक वर्ष १९५४ हे होय. त्या वर्षी 'नेचर' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन स्वतंत्र लेख प्रसिद्ध झाले. एक अँड्र्यू हक्सली व रोल्फ निडरगर्के यांचा आणि दुसरा ह्यू हक्सली व जीन हॅन्सन यांचा. दोन्ही हक्सलींचा परस्परांशी आप्तसंबंध नव्हता, हे येथे नमूद करावयास हवे, कारण अनेक पाठ्यपुस्तकांत या दोन नावांची गल्लत झालेली आढळते. दोन्ही गटांचे म्हणणे एकच होते. स्नायू आखूड होतो तेव्हा त्याच्या आतील तंतू स्वतः आखूड होत नाहीत. ते एकमेकांवरून सरकतात.

स्नायुपेशीच्या आत 'सार्कोमिअर' नावाचे अतिसूक्ष्म एकक एकापुढे एक, साखळीच्या कड्यांप्रमाणे, जोडलेले असतात. प्रत्येक एककाच्या दोन टोकांना 'झेड' रेषा असतात. या रेषांपासून आत येणारे बारीक तंतू ॲक्टिन या प्रथिनाचे, तर मध्यभागी असणारे जाड तंतू मायोसिनचे बनलेले असतात. जाड तंतूंच्या अंगावर लहान लहान डोकी असतात. ती बारीक तंतूंना पकडतात, मध्याकडे ओढतात, सोडतात आणि पुन्हा पुढे पकडतात. रस्सीखेच खेळणाऱ्यांचे हात रस्सीवर ज्या रीतीने पुढे सरकतात, काहीशी तशीच ही क्रिया आहे. अशी एक ओढ अत्यंत क्षीण असते. पण एका वेळी अगणित डोकी काम करीत असल्यामुळे त्यांच्या बेरजेतून घड उचलणारे बल उत्पन्न होते.

यातूनच लांबीचे महत्त्व स्पष्ट होते. रस्सीवर जितके हात, तितकी ओढ. जाड व बारीक तंतू एकमेकांवर जितके अधिक आलेले असतील, तितक्या अधिक डोक्यांना पकडण्यास जागा मिळेल. स्नायू फार ताणला गेला तर तंतू एकमेकांपासून दूर निघून जातात आणि डोकी रिकामीच राहतात. स्नायू फार आखडला तर समोरासमोरून येणारे बारीक तंतू एकमेकांवर चढतात व एकमेकांच्या कामात अडथळा आणतात. पुढे तर जाड तंतूंची टोके 'झेड' रेषांवर जाऊन आदळतात.

हे केवळ तर्काने मांडलेले चित्र नव्हे. गॉर्डन, हक्सली आणि ज्युलियन यांनी १९६६ साली बेडकाच्या एकेका स्नायुतंतूवर केलेल्या प्रयोगांत त्याचे मापन झाले, आणि त्या मापनाचे सौंदर्य असे की त्याचा ताळा कोणताही विद्यार्थी कागदावर करू शकतो. बेडकाच्या जाड तंतूची लांबी सुमारे १.६ मायक्रोमीटर, आणि 'झेड' रेषेच्या दोन्ही बाजूंचे बारीक तंतू मिळून लांबी सुमारे २.०५ मायक्रोमीटर. या दोहोंची बेरीज ३.६५ येते. सार्कोमिअर ३.६५ मायक्रोमीटरपर्यंत ताणला की तंतूंची टोके एकमेकांना केवळ स्पर्श करतील, पकडण्यास काहीही उरणार नाही. आणि प्रयोगातही नेमक्या याच लांबीच्या आसपास सक्रिय बल शून्यावर आले. जाड तंतूच्या मधोमध सुमारे ०.२ मायक्रोमीटरचा पट्टा डोक्यांविना असतो. त्यामुळे २.०५ ते २.२५ या दरम्यान लांबी बदलली तरी काम करणाऱ्या डोक्यांची संख्या बदलत नाही, आणि आलेखावर तेथे सपाट माथा दिसतो. त्याखाली बल प्रथम हळूहळू, आणि जाड तंतू 'झेड' रेषेला भिडल्यावर झपाट्याने घटते, सुमारे १.२७ मायक्रोमीटरला ते संपते. रचनेवरून केलेले भाकीत आणि प्रत्यक्ष मापलेले बल यांची इतकी जुळणी जीवशास्त्रात क्वचितच पाहावयास मिळते.

मानवी स्नायूतील बारीक तंतू बेडकापेक्षा लांब असतात. त्यामुळे माणसात हा माथा सुमारे २.६ ते २.८ मायक्रोमीटरच्या दरम्यान येतो. एककाची लांबी २.५ मायक्रोमीटर धरली तर अडीच सेंटिमीटर लांबीच्या स्नायुतंतूत असे दहा हजार एकक एकापुढे एक बसतात. प्रत्येकात अल्पसा फरक पडला तरी एकूण लांबीत तो डोळ्यांना दिसण्याइतका होतो.

सक्रिय बलाच्या जोडीला एक निष्क्रिय ताणही असतो. उद्दीपन नसतानाही स्नायू एका मर्यादेपलीकडे ताणला की तो विरोध करतो. हा विरोध स्नायूभोवतीची संयोजी ऊती आणि सार्कोमिअरमधील 'टायटिन' हे प्रथिन यांच्यामुळे येतो. टायटिन हे मानवी शरीरातील सर्वांत मोठे प्रथिन होय. लांब झालेल्या स्नायूत सक्रिय बल घटत असताना निष्क्रिय ताण वाढत जातो, म्हणूनच ताणलेल्या अवस्थेत एकूण ओढ पूर्णपणे नाहीशी होत नाही. हा मुद्दा पुढे वाकून केल्या जाणाऱ्या कामांच्या संदर्भात महत्त्वाचा ठरणार आहे.

लांबी आणि तरफ

जिवंत शरीरात स्नायू मोकळा नसतो. तो सांध्यापलीकडील हाडाला कंडरेने जोडलेला असतो. सांधा जसा वळतो तशी स्नायूची लांबी बदलते, पण त्याच वेळी सांध्याच्या आसापासून स्नायूच्या ओढीचे अंतर, म्हणजे तरफेची भुजा, हीसुद्धा बदलते. हाताला प्रत्यक्ष जाणवणारी ताकद या दोहोंच्या गुणाकारावर अवलंबून असते. कोपराच्या बाबतीत काटकोनाच्या आसपास हात वाकवलेला असताना द्विशिर स्नायूची भुजा मोठी आणि त्याची लांबीही सोयीची असते, म्हणून त्या ठेवणीत ओझे पेलणे सर्वांत सोपे जाते. गुडघा सरळ करण्याची ताकदही गुडघा सुमारे ६० ते ७० अंश वाकलेला असताना सर्वाधिक आढळते; पूर्ण उकिडवे बसल्यावर किंवा पाय जवळजवळ सरळ झाल्यावर ती कमी असते. केळीचा घड खांद्यावर झेलणारा मजूर गुडघे किंचित वाकवून उभा राहतो आणि ओझे आल्यावर ताठ होतो. त्याला हे कोणत्याही ग्रंथाने शिकवलेले नसते.

जात्याचे उदाहरणही उद्बोधक आहे. आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या कवितेने शेतातील व घरातील बायकांच्या कष्टांना मराठी साहित्यात कायमचे स्थान मिळवून दिले. त्या कष्टांत दळण हे रोजचे होते. दळणारी बाई केवळ हाताने खुंटा फिरवीत नसे. खुंटा दूर जाई तेव्हा ती कमरेतून पुढे झुके, जवळ येई तेव्हा मागे रेले. धडाच्या या झोक्यामुळे कोपर पूर्ण सरळही होत नसे आणि पूर्ण मिटतही नसे. दंडाचे स्नायू आपल्या सोयीच्या लांबीच्या आसपास राहत आणि उरलेली ओढ धडाच्या वजनातून मिळे. धड न हलवता केवळ हाताने दळावयास बसलेली व्यक्ती लवकर थकते, ते का, हे यावरून समजते.

सर्व स्नायू माथ्यावरच काम करतात असे मात्र मानू नये. कोणता स्नायू आलेखाच्या कोणत्या भागात काम करतो, हे स्नायूस्नायूगणिक वेगळे आहे. अमेरिकेतील रिचर्ड लीबर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली शस्त्रक्रियेच्या वेळी लेसर किरणांच्या विवर्तनाने मनगट मागे उचलणाऱ्या एका स्नायूतील सार्कोमिअर प्रत्यक्ष मोजले. मनगट मागे असताना ते सुमारे २.६ आणि पुढे वाकवल्यावर सुमारे ३.४ मायक्रोमीटर भरले, म्हणजे हा स्नायू माथ्यापासून उताराकडे काम करतो. हृदयाचा स्नायू याच्या उलट चढावर काम करतो. हृदयात रक्त अधिक भरले की त्याचे तंतू अधिक ताणले जातात आणि पुढचा ठोका अधिक जोराचा पडतो. फ्रँक व स्टार्लिंग यांच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. तंतूंच्या सरकण्याखेरीज त्यामागे कॅल्शियमला मिळणाऱ्या प्रतिसादातील बदलही आहे, म्हणून येथे त्याचा केवळ उल्लेख पुरे.

पकड : मनगट, मूठ आणि खुरप्याचा दांडा

बोटे मिटणारे स्नायू प्रामुख्याने कोपराखालच्या भागात असतात. त्यांच्या लांब कंडरा मनगट ओलांडून बोटांच्या पेरांपर्यंत जातात. एकच स्नायू अनेक सांधे ओलांडत असेल तर एका सांध्याची ठेवण दुसऱ्या सांध्यावरील त्याच्या ताकदीवर परिणाम करते. याचा पडताळा कोणालाही घरबसल्या घेता येतो. मनगट पूर्णपणे तळहाताच्या बाजूस वाकवून घट्ट मूठ आवळण्याचा प्रयत्न करावा. मूठ नीट मिटतच नाही. बोटे मिटणारे स्नायू या ठेवणीत आधीच इतके आखडलेले असतात की आणखी ओढण्यास त्यांच्यापाशी वाव उरत नाही, आणि हाताच्या पाठीमागचे स्नायू ताणले जाऊन बोटांना मागे खेचतात. मनगट मागे उचलताच तीच मूठ घट्ट होते. माणसाला पूर्ण जोराने पकड घेण्यास सांगितले असता तो आपोआप मनगट सुमारे ३५ अंश मागे उचलतो, असे प्रयोगांत दिसून आले आहे.

कुस्तीच्या आखाड्यात हे ज्ञान फार पूर्वीपासून वापरात आहे. प्रतिस्पर्ध्याची पकड सोडवावयाची तर त्याचे मनगट आत वळवावे, आणि स्वतःचे कोपर अंगाजवळ ठेवावे, ही आखाड्यातील प्राथमिक शिकवण होय. चाळीसगाव तालुक्यातील विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ व २०१६ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरी किताब मिळवून खान्देशच्या कुस्तीकडे साऱ्या राज्याचे लक्ष वेधले. उत्तम मल्लाच्या पवित्र्यात घोटा, गुडघा, कंबर, कोपर यांपैकी एकही सांधा टोकाच्या ठेवणीत नसतो, हे पवित्र्याचे निरीक्षण करणाऱ्यास सहज लक्षात येईल.

शेतातील अवजारांच्या बाबतीत मात्र या ज्ञानाचा पुरेसा विचार झालेला नाही, असे खेदाने म्हणावे लागते. खुरप्याचा किंवा विळ्याचा दांडा फार बारीक असेल तर बोटे अति मिटतात, त्यांचे स्नायू आखूड होतात आणि पकडीचे बल घटते. फार जाड असेल तर बोटे उघडी राहतात आणि पुन्हा बल घटते. पकड मोजण्याच्या 'जामार' या प्रसिद्ध उपकरणाला पाच वेगवेगळ्या रुंदी असतात. बहुसंख्य व्यक्तींचे सर्वाधिक बल दुसऱ्या रुंदीवर मिळते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ते कमी होते, म्हणजे ब्लिक्स यांना बेडकाच्या स्नायूत दिसलेला आलेखच मानवी मुठीतून पुन्हा प्रकट होतो. सर्वसाधारण हातासाठी तीन ते चार सेंटिमीटर व्यासाचा दांडा सोयीचा मानला जातो. निंदणीचे काम प्रामुख्याने स्त्रिया करतात, त्यांचे हात सरासरीने लहान असतात, आणि बाजारातील दांडे मात्र सर्वांसाठी एकाच मापाचे. दांड्यावर चिंधी गुंडाळून किंवा तो तासून आपल्या मुठीजोगा करून घेणारी मजूर स्त्री वास्तविक स्नायूच्या लांबीचेच गणित सोडवीत असते.

वाकून करावयाचे काम

या विवेचनातील सर्वांत गंभीर प्रश्न पाठीचा आहे. कापसाच्या वेचणीत खालच्या फांद्यांवरची बोंडे गाठण्यासाठी वेचणारीला कमरेतून वाकावे लागते. वेचणीची मजुरी सामान्यतः वेचलेल्या कापसाच्या वजनावर ठरते, त्यामुळे वारंवार उभे राहून पाठ मोकळी करणे म्हणजे पदरची मजुरी सोडणे होय. परिणामी कित्येक बायका तासन्तास पूर्ण वाकलेल्या अवस्थेतच एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे सरकत जातात.

येथे निसर्गाची रचना मोठी विलक्षण आहे. कण्याला लगटून असणारा 'मल्टिफिडस' हा स्नायू माणूस ताठ असताना आखूड, म्हणजे आलेखाच्या चढावर असतो. कमरेतून वाकल्यावर तो लांबतो आणि माथ्याकडे सरकतो. लीबर यांच्या गटाने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांवरून हे स्पष्ट झाले. पाठ ताठ करण्याची ताकद मोजली असता तीही वाकलेल्या ठेवणीत अधिक आणि ताठ ठेवणीत कमी भरते. म्हणजे जेथे गरज अधिक, तेथे बलही अधिक, अशी ही व्यवस्था आहे.

परंतु पूर्ण वाकल्यावर एक अनपेक्षित घटना घडते. इंग्लंडमधील फ्लॉइड आणि सिल्व्हर यांनी १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात पाठीच्या स्नायूंतील विद्युत हालचाल नोंदवून दाखवले की, माणूस वाकत असताना हे स्नायू जोमाने कार्यरत असतात, पण वाकण्याची मर्यादा गाठताच ते जवळजवळ गप्प होतात. धडाचा सारा भार तेव्हा अस्थिबंध, कण्यातील चकत्या आणि ताणलेल्या स्नायूंचा निष्क्रिय ताण यांच्यावर टांगला जातो. बलाची क्षमता माथ्यावर असूनही ती वापरलीच जात नाही. वेचणारीला या अवस्थेत पाठीत जळजळ जाणवत नाही, उलट अर्धवट वाकण्यापेक्षा पूर्ण वाकणे आरामाचे वाटते. अनुभवी बायका पूर्ण वाकून काम करणे पसंत करतात, त्याचे एक कारण हे असावे. हा आराम फसवा आहे, कारण किंमत स्नायूऐवजी अस्थिबंध मोजतात.

अस्थिबंधांचा गुणधर्म असा की, सतत ताण राहिला तर ते हळूहळू सैल होत जातात. कॅनडातील स्टुअर्ट मॅकगिल आणि ब्राउन यांनी १९९२ साली केलेल्या प्रयोगात वीस मिनिटे पूर्ण वाकून बसलेल्या व्यक्तींचा कणा अधिकाधिक वाकत गेला, आणि ताठ झाल्यावर दोन मिनिटांनी ही शिथिलता केवळ निम्म्याने भरून निघाली. उरलेली भरून येण्यास बराच अधिक वेळ लागला. या काळात कण्याला नेहमीचे स्थैर्य नसते. आता वेचणीच्या दिवसाचा शेवट नजरेसमोर आणावा. दिवसभर वाकलेली बाई शेवटचे झाड संपवून उठते आणि तत्काळ कापसाचे गाठोडे उचलून डोक्यावर घेते. नेमक्या ज्या क्षणी पाठ सर्वांत कमी सुरक्षित असते, त्याच क्षणी तिच्यावर दिवसातील सर्वांत मोठे ओझे येते.

या ओझ्याचे गणित साध्या तरफेने मांडता येईल. ५० किलो वजनाच्या व्यक्तीच्या कमरेवरील भागाचे वजन सुमारे २५ किलो धरू. वाकल्यावर त्याचा मध्य कण्याच्या खालच्या सांध्यापासून २५ सेंटिमीटर पुढे आला, तर पाठीच्या स्नायूंना ६२५ किलो-सेंटिमीटरचे आघूर्ण तोलावे लागते. या स्नायूंची स्वतःची भुजा मात्र अवघी पाच सेंटिमीटरच्या आसपास असते. म्हणून त्यांना १२५ किलोभाराइतकी ओढ द्यावी लागते. हातात दहा किलोचे गाठोडे ४५ सेंटिमीटर अंतरावर धरले तर आणखी ९० किलोभाराची भर पडते. तेच गाठोडे अंगालगत, २० सेंटिमीटरवर धरले तर ही भर ४० वर येते. आकडे ढोबळ आहेत, पण ओझे अंगाशी घ्यावे असे घरातील वडीलधारी का सांगतात ते त्यावरून कळते.

उपाय फार खर्चिक आहेत असे नाही. निंदणीसाठी लांब दांड्याचे खुरपे किंवा चाकाचे कोळपे वापरल्यास वाकण्याचा कोन कमी होतो. वेचणीत वरची व खालची बोंडे आलटून पालटून घेतल्यास पाठ एकाच टोकाच्या ठेवणीत अडकून राहत नाही. वाकण्याचे काम संपल्यावर लगेच गाठोडे न उचलता काही मिनिटे शेताच्या बांधावरून चालावे, आणि उचलताना दोघींनी मिळून उचलावे. यांपैकी पहिला उपाय शेतमालकाच्या हाती आहे, शेवटचा मजुरांच्या, आणि मधला वजनावर ठरणाऱ्या मजुरीच्या पद्धतीशी झगडणारा; म्हणूनच तो सर्वांत अवघड.

केळीचा घड आणि बाजार समितीतील पोते

रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या तालुक्यांतील केळीने जळगावची ओळख देशभर पोहोचवली. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन लाभले. या केळीचा घड साधारणपणे १५ ते २५ किलोंचा असतो. कापणारा घड उतरवतो व वाहणारा तो खांद्यावर झेलतो. झेलताना मांडीचे व पाठीचे स्नायू बल देत असतानाच लांबतात. अशा क्रियेत स्नायू स्थिर अवस्थेपेक्षाही अधिक बल धरू शकतो, पण त्याच वेळी सर्वाधिक ताणले गेलेले सार्कोमिअर विस्कटण्याचा संभवही असतो. सवय नसलेल्या माणसाचे अंग दुसऱ्या दिवशी जे ठणकते ते प्रामुख्याने यामुळे. सराव झाल्यावर तेच काम अंगाला तितके भोवत नाही.

पोत्यांचे ओझे याहून जड. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली केलेल्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने हाताने वाहावयाच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किलो ठेवली, आणि महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. पाठीवर पोते घेणाऱ्या हमालाची ठेवण मात्र शास्त्राच्या कसोटीवर उतरणारी असते. तो पोते कण्याच्या अगदी जवळ घेतो, कमरेतून किंचितच झुकतो आणि गुडघा पूर्ण मिटू देत नाही. धोका असतो तो पोते जमिनीवरून उचलण्यात. थप्पीवरून थेट पाठीवर घेतल्यास तो बराच टळतो.

लांबी कायमची बदलते तेव्हा

आतापर्यंत क्षणोक्षणी बदलणाऱ्या लांबीचा विचार केला. स्नायूची लांबी दीर्घकाळ बदललेली राहिली तर स्नायू स्वतःच आपली रचना बदलतो. फ्रान्समधील ताबारी व सहकाऱ्यांनी १९७२ साली मांजराच्या पोटरीतील एक स्नायू आखूड अवस्थेत प्लास्टरमध्ये ठेवला असता काही आठवड्यांत त्यातील एकापुढे एक जोडलेल्या सार्कोमिअरांची संख्या सुमारे ४० टक्क्यांनी घटली. लांब अवस्थेत ठेवलेल्या स्नायूत नवे सार्कोमिअर तयार झाले. प्लास्टर काढल्यावर काही काळाने संख्या पूर्ववत झाली. म्हणजे स्नायू आपल्या एककांची संख्या अशी जुळवून घेतो की, रोजच्या वापराच्या लांबीला प्रत्येक एकक माथ्याच्या जवळ यावे.

याचा व्यवहारातील अर्थ हाड मोडलेल्या प्रत्येक रुग्णाला भोगावा लागतो. प्लास्टर निघाल्यावर हात सरळ होत नाही, तेव्हा सांधा 'आखडला' असे म्हटले जाते. पुष्कळदा सांध्याबरोबर स्नायूही खरोखरच आखूड झालेला असतो. सावकाश, रोज थोडा थोडा ताण देत केलेला व्यायाम हाच त्यावर उपाय, कारण नवे एकक तयार होण्यास दिवस लागतात. एका दिवसात जबरीने हात सरळ करणे म्हणजे केवळ इजा. शल्यचिकित्सकांनाही या नियमाची दखल घ्यावी लागते. वेल्लोर येथे पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून कुष्ठरोगाने लुळ्या पडलेल्या हातांवर शस्त्रक्रिया करून सुस्थितीतील स्नायूंच्या कंडरा नव्या जागी जोडण्याचे कार्य केले. अशा शस्त्रक्रियेत कंडरा किती ताणून शिवावी हा कळीचा प्रश्न असतो. ती सैल शिवली तर स्नायू आखूडच राहतो आणि बोट हलत नाही; फार ताणून शिवली तर तो आलेखाच्या उतारावर जातो आणि बोट मिटते, पण जोर राहत नाही.

खान्देशातील महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत या विषयाची सोपी मोजमापे सहज शक्य आहेत. पकड मोजण्याचे एक उपकरण आणि कोन मोजण्याचे एक साधन एवढ्यावर मनगटाच्या प्रत्येक ठेवणीतील पकडीचा आलेख काढता येतो. तेच उपकरण वेचणीच्या हंगामात शेताच्या बांधावर नेऊन सकाळी कामाला लागण्यापूर्वी आणि संध्याकाळी गाठोडे बांधण्यापूर्वी पकड मोजली, तर दिवसभराच्या श्रमाने त्या आलेखाचा माथा किती खाली येतो आणि तो जागेवरून सरकतो की काय, हे या प्रदेशातील हातांवरच पाहावयास मिळेल.